सहा किलो दोनशे

९ सप्टेंबर, मंगळवार

खडकवाडी (ता. कन्नड) अंगणवाडीचा लटकता काटा. तक्रार : मधेच अडकतो. नऊला दुकान बंद करून निघालो, पावणेअकराला पोचलो. उघडला तर आतल्या दात्यांच्या पट्टीवर गंज, आणि एक वाळलेली मुंगी. मुंगीसकट किती लेकरं मोजली असतील देव जाणे. रॉकेल, ब्रश, तेल दोन थेंब. स्प्रिंग चांगली आहे.

मोठा दोष वेगळाच. काटा रिकामा टांगला तर शून्यावर नाही, शून्याच्या चारशे ग्रॅम मागं. कुणीतरी वरचा स्क्रू पिळलेला. शून्यच चुकला तर पुढं काय मोजणार? शून्यावर आणला. माझी वजनं हुकला टांगून तपासला. १, २, ५, १०. केसाचा फरक नाही. स्क्रूवर कागदाची पट्टी चिकटवून सही ठोकली.

सेविका शोभाताई, वय पस्तीसेक. जय भीम झालं, चहा झाला. मधेच सांगत होत्या की लेकराला बसवून टांगायची झोळी आजच धुतलीय, तारेवर वाळतेय, ती वाळू द्या, मग बघा. मी म्हटलं, ताई, सत्तावीस वर्षं काटे उघडतोय, काट्याचं मला शिकवू नका. या पट्टीला हात लावला तर जबाबदारी तुमची. त्यांनी चहाचे कप उचलले.

निघताना दारात एक तरुण बाई, राणी नाव, मेंढपाळाच्या घरची. कडेवर मुलगी. ईश्वरी, चौदा महिने. मला वाटलं सहा-सात महिन्यांची असेल. मला सवय आहे, काहीही दिसलं की उचलून वजन सांगायचं. उचलली. म्हटलं, सहा किलो दोनशे. शोभाताईंनी रजिस्टर उघडलं. मागच्या महिन्यात सहा-शंभर. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की प्रवासाचा शीण गेला.

पोरगी माझ्या खिशातल्या पेनाकडं बघत होती. हात पुढं केला नाही. रडलीपण नाही. त्या वयाची पोरं अनोळखी माणसानं उचललं की पत्रा फाटल्यासारखी ओरडतात.

१० सप्टेंबर, बुध

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पाच किलोचं वजन, एक किलोचं, दोनशे ग्रॅमचं, तिन्ही टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. जड वाटतं. मग वाटलं, लोखंड आहे म्हणून जड वाटतंय. मग तांदळाच्या पिशवीनं तेच केलं. पिशवी मऊ असते, वजन पसरतं, तरी कालच्यापेक्षा जड. पोरगी हातात इतकी हलकी का लागली? आकडा तोच.

सुमन डबा घेऊन आली. हे काय चाललंय म्हणाली. सांगितलं. म्हणाली, आपली प्रज्ञा चौदा महिन्यांची असताना तिला उचलून माझ्या कमरेत लचक भरली होती, आठवतं का? आठवत नव्हतं. मी तेव्हा काट्याच्या परवान्याच्या मागं होतो.

१५ सप्टेंबर, सोम

शोभाताईंना फोन केला. निमित्त, काटा नीट चालतो का. खरं म्हणजे डोक्यातून जात नव्हतं. पंधरा मिनिटं बोलल्या. बाई हुशार आहे.

समजलं ते असं. नुसतं वयाला वजन बघत नाहीत. लांबीला किती वजन ते बघतात. म्हणजे सळईसारखं : इतक्या लांबीच्या सळईचं इतकं वजन भरलंच पाहिजे, नाही भरलं तर माल खोटा. तक्त्यात तीन रंग. हिरवा ठीक, पिवळा कमी, लाल म्हणजे तीव्र कुपोषित. दुसरी एक कागदी पट्टी दंडाला गुंडाळतात, तिच्यावरही तेच रंग. ईश्वरी सत्तर सेंटीमीटर. दंडाची पट्टी पिवळ्याच्या काठावर. वजन लालमध्ये. म्हणून लाल.

लाल असलं की महिनाभर अंगणवाडीत दिवसातून पाच-सहा वेळा खास खाऊ, औषध, आणि उपकेंद्राच्या सिस्टर येऊन तपासतात. ईश्वरीचं ते चालू आहे. अडचण अशी की तिचे घरचे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. शोभाताईंनी राणीकडून आणि तिच्या सासूकडून शब्द घेतलाय, पोरगी लालमधून निघेपर्यंत आई आणि ती गावातच राहणार.

मी विचारलं, इतकी बारीक का झाली? म्हणाल्या, भाऊ, तेच तर कळंना. जुलाब व्हते, मग थांबले. दूध हाय, घरात शेळी हाय. आई दिवसभर मेंढरामागं, पोरगी घरी. भूक लागली तरी मागत न्हाय ती आता.

हे शेवटचं वाक्य तसंच लिहून ठेवतो. मागत न्हाय ती आता.

१४ ऑक्टोबर, मंगळ

परत खडकवाडी. या वेळी उंची मोजायच्या पाटीची सरकती फळी निखळली होती. अर्ध्या तासाचं काम. पण मला रजिस्टर बघायचं होतं. शोभाताईंनी दाखवलं.

ईश्वरी : ६.६. लालमधून पिवळ्यात.

खूश झालो. नोंदी उतरवून घेतल्या, सवयीनं. माझ्या दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या. पाच लेकरं घेतली, वेगवेगळ्या घरांतली. वाढ : ५००, ४००, ५००, ४००, ५००. शोभाताईंच्या वरच्या मॅडम गावात येऊन पाठ थोपटून गेल्या म्हणे. शोभाताई हसत होत्या, पण अर्धवट. का ते विचारायला पाहिजे होतं.

राणी आणि तिची सासू ठकूबाई तिथंच होत्या. सासू उंच, काटक, तोंडाची फटकळ. मला म्हणाली, तूच का त्यो, लेकरं हातानं तोलनारा? म्हटलं, व्हय. मग तोल की, म्हणाली. उचलली.

हात म्हणाला, सहा-दोनशे.

काटा सहा-सहाशे. माझ्यासमोर झोळीत बसवून बघितली, सहा-सहाशेच्या थोडा वर. पुन्हा उचलली. सहा-दोनशे. जास्तीत जास्त सहा-अडीचशे. ठकूबाई म्हणाली, मिस्त्री, हात म्हातारा झाला तुजा. सगळ्या हसल्या. मीपण.

नाव लालमधून निघालं. दिवाळी झाली की सगळे जाणार. राणी सामान बांधायच्या गोष्टी करत होती.

रस्ताभर हाताचा विचार. बावन्न वय. डोळ्याला चष्मा लागतो तसं हातालाही काही होत असेल. पण एकदम चारशे?

१६ ऑक्टोबर, गुरु

हाताची परीक्षा घेतली. बाजारातून बटाटे, कांदे, गूळ. सुमनला बाहेर बसवलं, तिनं वीस पिशव्या भरल्या, प्रत्येकीचं वजन कागदावर लिहून झाकून ठेवलं. मी उचलून सांगितलं. वीसपैकी अठरा पन्नास ग्रॅमच्या आत. एक साठनं चुकली. एक ऐंशीनं, ती गुळाची, चिकटत होती.

हात ठीक आहे. मग?

सुमन म्हणाली, इतक्या कांद्यांचं आता काय करू? चार दिवस पिठलं आणि कांद्याची भाजी.

२० ऑक्टोबर, सोम

दिवाळीची गडबड. व्यापाऱ्यांना पूजेला काटे चकचकीत पाहिजेत. चालतो का हे कुणी विचारत नाही, चमकतो का विचारतात. एकोणीस काटे पॉलिश.

२९ ऑक्टोबर, बुध

सकाळी अकराला कळलं. वेळ लिहून ठेवतो कारण त्यानंतर दुकान उघडं टाकून निघालो आणि शेजाऱ्याला सांगायचंही राहिलं.

१४ तारखेचं पान सहज उघडलं. ५००, ४००, ५००, ४००, ५००. पाच घरांतली पाच लेकरं. एक खाणारं, एक न खाणारं, एक आजारी, एक दीड वर्षाचं, एक चार वर्षांचं. सगळ्यांची वाढ जवळजवळ एकच. लेकरं अशी वाढत नाहीत. चूक अशी वाढते.

काय मिसळलं? वजनं तर बरोबर दाखवत होता. पण वजनं मी हुकला टांगली होती. लेकरं हुकला टांगत नाहीत.

झोळी.

तारेवर वाळत होती.

२९ तारीखच, संध्याकाळी

खडकवाडीहून आलो. झोळीचं वजन केलं : ४२० ग्रॅम. सरकारी प्लॅस्टिकची कधीच फाटली, म्हणून शोभाताईंनी जुन्या जीनपँटची स्वतः शिवली, वर लाकडी दांडका, दोन लोखंडी कड्या. मजबूत आहे. आणि ती जड म्हणून त्या आधी झोळी टांगून, मग स्क्रूनं शून्य लावायच्या. म्हणून रिकामा काटा चारशे मागं दिसत होता. काटा बरोबर होता. मी 'दुरुस्त' केला.

म्हटलं, ताई, महिना-दीड महिना तुम्हाला दिसलं नाही?

म्हणाल्या, दिसलं. मी त्याच दिवशी सांगत व्हते. तुम्ही म्हणले, काट्याचं मला शिकवू नका. सही करून पट्टी लावली. सील तोडलं तर जबाबदारी तुमची म्हणले. मी मानधनावरची बाई, भाऊ. शहरातला परवानावाला सांगतोय. मला वाटलं मीच इतके दिवस चुकत व्हते.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

झोळीचं ओझं आम्ही लेकरांच्या नावावर घातलं. आम्ही नाही, मी.

पट्टी मी स्वतःच्या हातानं फाडली. शून्य झोळीसकट लावला. तेवीस लेकरांची वजनं परत केली, शोभाताई बसवत होत्या, मी लिहीत होतो. चार जणांचा रंग बदलला. तिघं गावातच आहेत, त्यांचा खाऊ उद्यापासून पुन्हा चालू.

चौथी ईश्वरी, तिचा रजिस्टरातल्या आकड्यातून झोळी वजा करून. तिचे घरचे रविवारीच गेले. कुठल्या दिशेनं ते शेजारच्यांना नक्की माहीत नाही. बाळू, राणीचा नवरा, त्याचा फोन बंद.

३१ ऑक्टोबर, शुक्र

वरच्या मॅडमना लेखी दिलं. दीड पान. तारीख, वेळ, झोळीचं वजन, काय केलं, का केलं, सही. नववी नापास माणसाचं पत्र, एक खाडाखोड नाही. मॅडम म्हणाल्या, मोबाइलमध्ये भरलेली माहिती आता मागं जाऊन बदलता येत नाही. म्हटलं, मोबाइलमधली नका बदलू, लेकरांमधली बदला. जरा जास्त झालं. पण त्यांनी पत्र ठेवून घेतलं, आणि या भागातले मी हात लावलेले सगळे काटे तपासून द्या म्हणाल्या. सात आहेत.

शोभाताईंचं नाव पत्रात दोषी म्हणून कुठंही नाही. दोनदा वाचून खात्री केली.

३ नोव्हेंबर, सोम

सातपैकी पाच ठीक. तिथं हलकी प्लॅस्टिकची झोळी, आणि सेविका वजन वाचताना झोळीचं वजन वजा करतात. दोन ठिकाणी माझीच चूक, माझीच सही. फाडली. एका सेविकेनं विचारलं, मागच्या वेळी तर हात लावू नका म्हणत होतात? म्हटलं, आता लावा. झोळी टांगा, शून्य लावा, मग लेकरू बसवा. माझं ऐकू नका, शून्याचं ऐका.

कन्नडजवळ उपकेंद्राच्या सिस्टर भेटल्या. ईश्वरीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, पाय सुजलेत का? मला काय माहीत. मग त्यांनी समजावलं. फार कुपोषित लेकराच्या अंगात कधी कधी पाणी साठतं. गाल भरलेले दिसतात, पाय गुबगुबीत, वजनही वाढतं. घरच्यांना वाटतं सुधारलं. प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. बघायचं कसं : पायाच्या वरच्या बाजूला अंगठा तीनपर्यंत सावकाश मोजेस्तोवर दाबून धरायचा, मग काढायचा. खळगा पडून तसाच राहिला आणि दोन्ही पायांवर राहिला, की घरी थांबायचं नाही. थेट दवाखाना.

माझ्याच पायावर करून दाखवलं. खळगा पडला नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही ठीक आहात काका. पण मला हे नवीनच. वजन वाढतंय आणि लेकरू आटतंय. असा माल मी आयुष्यात मोजला नाही. काटा खरं बोलेल तरी त्यातलं पाणी किती, हे कोण सांगणार? अंगठा.

दिवसभर जो दिसेल त्याच्या पायाकडं बघतोय.

७ नोव्हेंबर, शुक्र

शोभाताईंचा फोन. बाळूच्या चुलतभावाचा नंबर मिळाला, सिल्लोडला असतो. तो म्हणाला, या वर्षी बिडकीनकडं गेलेत, नव्या कारखान्यांच्या जागेत, तिथं गवत आहे. उद्या जातो. काटा आणि झोळी शोभाताईंनी जीपवाल्याबरोबर पाठवली. त्यांना स्वतःला यायचं होतं. अंगणवाडी बंद ठेवता येत नाही.

८ नोव्हेंबर, शनि

सगळं क्रमानं लिहितो.

बिडकीनच्या पुढं नवे रस्ते. चार पदरी, मधे झाडं, दिव्यांचे खांब, आणि कारखाना एखाददुसरा. बाकी मोकळे प्लॉट, गवत कमरेएवढं. दोन तास फिरलो. तिसऱ्या प्लॉटवर मेंढरं नव्हती, कुत्री होती, आणि कुत्र्यांच्या मागं पाल. लिंबाखाली ठकूबाई. मला लांबूनच ओळखलं. म्हणाली, म्हाताऱ्या हाताचा मिस्त्री आला बग.

राणी चुलीशी. ईश्वरी घोंगडीवर पडलेली. जागी. आकाशाकडं बघत.

मी आधी सांगून टाकलं. घुमवून बोलता येत नाही मला. काटा मी बिघडवला, पोरगी वाढली नव्हती, झोळीचं वजन तिच्या वजनात धरलं गेलं, तिला परत आणायला आलोय.

ठकूबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तवा तुजा काटा म्हणला वाढली. आता त्योच काटा म्हणतो न्हाय वाढली. म्या कंचं खरं धरू?"

 सत्तावीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नाही.

ती म्हणाली, शिकला किती रं तू? म्हटलं, नववी. पास? नापास. मग बराबर हाय, म्हणाली. राणी पदराआड हसली.

काटा फांदीला टांगला. झोळी टांगली, शून्य लावला, तिला दाखवलं. तिनं काट्याकडं बघितलं नाही. एक कोकरू उचललं, दोन्ही हातांत जरा खालीवर केलं, म्हणाली, सात, वर पाव. झोळीत ठेवलं. कोकरानं पाय झाडले. थांबलं तेव्हा काटा सात-दोनशे आणि तीनशेच्या मधोमध.

मी बघतच राहिलो. बाजारात नजरेवर मेंढरं विकणारी बाई. मी पन्नास ग्रॅमचा टेंभा मिरवतो, ही हलणारं जनावर तोलते.

दुसरं कोकरू : तिनं सांगितलं तेच. मग तीच काट्याच्या जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, हां, ह्यो काटा चालंल.

म्हटलं, मावशी, आता नात हातात घेऊन सांगा.

तिनं हात मागं घेतले. म्हणाली, लेकरू तोलू नाय. दिष्ट लागती. आमी कंदी लेकरू तोलत न्हाय.

जन्मापासून रोज उचलत आली असेल, पण या हातानं नाही. तोलणारा हात वेगळा ठेवते ती.  मी उलटा, दिसेल ते तोलतो.

राणी उठली. ईश्वरीला घोंगडीवरून उचललं आणि सासूच्या हातांत दिलं. म्हणाली, "आत्या, घ्या. एकडाव बघा."

ठकूबाईनं डोळे मिटले. हात कोकरासारखे खालीवर केले नाहीत, नुसते धरले. म्हणाली, सा. मग, सव्वासा.

काटा : ६.३.

ती पोरीला परत देईना. कोकराकडं मान करून म्हणाली, ह्ये दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जल्मलं. तीनचंबी नव्हतं.

राणी म्हणाली, पण भाऊ, तिचे पाय बघा की, कसे भरल्यात. तोंडबी भरलंय. आम्ही तर म्हणत व्हतो अंग धरलं.

पायाकडं बघितलं. गुबगुबीत. अंगठा ठेवला. तीनपर्यंत मोजलं. काढला. खळगा तसाच. दुसरा पाय. तसाच. मी आणि राणी दोघंही बघत बसलो, भरतोय का. भरत नव्हता. ओल्या मातीत ठसा राहावा तसा.

सिस्टरनी सांगितलेलं सगळं सांगितलं. शहरातल्या सरकारी दवाखान्यात अशा लेकरांचं खास केंद्र आहे, आईला लेकराबरोबर राहावं लागतं, दोन आठवडे तरी. ठकूबाई म्हणाली, चौदा दिवस? मंग कोकरं कोन बगील, सैपाक कोन करील, बाळू सांजच्याला यील त्याला इचारा. तिचं चुकत नव्हतं. दोनशे मेंढरं आणि तीन माणसं, त्यातलं एक जायचं.

राणी कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "मी जाते. आज."

ठकूबाई वळली. पालात गेली, घोंगडी घडी करून आणली आणि राणीच्या खांद्यावर टाकली.

शोभाताईंना फोन. त्यांनी सिस्टरना. दीड तासानं १०२ ची रुग्णवाहिका आली. मी मोटारसायकल घेऊन मागं.

९ नोव्हेंबर, रवि

भरती झाली. केंद्रात बारा खाटा, भिंतीवर हत्ती. तिथला काटा इलेक्ट्रॉनिक, ताटासारखा. आकडा ६.२८. मी पिशवीतून माझं पाच किलोचं वजन काढलं, म्हटलं एकदा तपासतो. तिथली नर्स म्हणाली, काका, हा काटा आमचा, तुम्ही तुमचे सांभाळा. तरीपण ठेवू दिलं. ५.००. वजन परत पिशवीत ठेवलं.

पहिले काही दिवस पोटभर देत नाहीत. थोडं थोडं दूध, दर दोन तासांनी, चमच्यानं, मोजून. मी विचारलं, भुकेलेल्याला भरपूर का नाही? म्हणाली, इतकं आटलेलं शरीर एकदम पेलत नाही, आधी आतली यंत्रं चालू होऊ द्यायची. गंजलेल्या दात्यांवर एकदम भार टाकला तर दाते तुटतात, हे मला कळतं.

सुमन राणीसाठी डबा देते. काल रात्री राणीनं अर्धी भाकरी परत पाठवली. सुमननं आज दोन पाठवल्या.

१२ नोव्हेंबर, बुध

वजन कमी होतंय.

६.२८, ६.१७, ६.०४.

पळत नर्सकडं गेलो. ती हसली. म्हणाली, हे चांगलं आहे, पाणी उतरतंय. पाय बघा. बघितले. बारीक. दाबलं तर खळगा पडतो पण भरून येतो.

आकडा उतरतो आणि बातमी चांगली. डोक्यात बसायला वेळ लागला. दोन महिने आकडा चढत होता आणि बातमी वाईट होती.

१४ नोव्हेंबर, शुक्र

५.९१.

म्हणजे खरं वजन हे. सप्टेंबरात माझ्या हातानं सहा-दोनशे म्हटलं होतं, तेव्हा पाय सुजलेले नव्हते, मला आठवतं, काठीसारखे होते. म्हणजे दोन महिन्यांत तीनशे ग्रॅम गेले. माझी सही असलेल्या पट्टीखाली. दुसरं कारणही असेल, जुलाब, थंडी, पायपीट. डॉक्टरांनी तसंच सांगितलं. पण खाऊ ज्या दिवशी थांबला त्या दिवशी काट्यावर माझी सही होती.

हे राणीला सांगितलं. ती म्हणाली, आत्यानं काल फोनवर विचारलं, त्यो मिस्त्री येतो का रोज. येतो म्हणलं. मग म्हणल्या, येऊ दे.

बाळू येऊन गेला. खाटेच्या टोकाशी उभा राहिला, बसला नाही. पोरीचा पाय धरला. मेंढरं आज आणखी पुढं सरकली. गवत संपतं, त्यांना थांबता येत नाही. राणीला म्हणाला, चौदा दिवसांचे पंधरा नको करू. मग जाताना म्हणाला, लागले तर कर.

१५ नोव्हेंबर, शनि

आज ५.९१. कालच्याइतकंच.

नर्स म्हणाली, थांबलं म्हणजे पाणी गेलं. आता उद्यापासून जे वाढेल ते तिचं स्वतःचं. वाढलं तर. नाही वाढलं तर डॉक्टर पुन्हा सगळ्या तपासण्या करणार, आत आणखी काही दुखणं आहे का ते. दोन्ही शक्य आहे, ती म्हणाली. मला अशी माणसं आवडतात.

दुपारी दोनच्या दुधाला पोरगी चमच्याकडं वळली. चमचा यायच्या आधी. राणीनं मला खुणावलं, बघितलं का. बघितलं.

शोभाताईंचा फोन आला. गावातली तिघंही खातायत. त्यांनी विचारलं, भाऊ, झोळी हलकी शिवू का दुसरी? म्हटलं, तुम्ही ठरवा ताई. जशी शिवाल तसा शून्य लावा.

निघताना राणी म्हणाली, भाऊ, उचलून सांगा की. हातानं.

घेतली. ती माझ्या खिशाकडं बघत होती. मग हात आला, सावकाश, आणि पेनाचं टोपण निघालं. मुठीत धरून तोंडात घालायला लागली. राणी काढून घ्यायला गेली, म्हटलं राहू दे, मोठं आहे, गिळता यायचं नाही.

मनात आकडा आला. नेहमीसारखा लगेच आला. राणीला म्हटलं, उद्या सकाळी आठला काटा सांगेल.

इथंही तो लिहीत नाही. हे टोपण नसलेल्या पेनानं लिहितोय, शाई वाळतेय.